बटाट्यांची नाव आणि योर्दानच्या बाया

आजच्या गप्पांत आम्ही तुम्हाला जरा लांब नेणार आहोत. युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. जुनी माणसं त्याला हॉलंड म्हणतात, आणि तिथल्या लोकांना डच. सिंधुदुर्गातल्या मैत्रिणींना हे नाव नवं नाही, कारण वेंगुर्ल्याला डच वखारीची पडकी इमारत अजून उभी आहे. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांचा तिथे मुक्काम होता. ज्या कंपनीची ती वखार, तिचा सगळ्यात मोठा कारभार ॲमस्टरडॅम या शहरातून चालायचा. त्याच ॲमस्टरडॅमच्या मध्यभागात, पश्चिम अंगाला, एक जुनी वस्ती आहे. तिचं नाव योर्दान.

व्यापारातून आलेल्या पैशावर ॲमस्टरडॅम कसं मोठं झालं, ते शाळेच्या पुस्तकात असतं. आम्ही मात्र आज पाणी भरणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, भाडं देणाऱ्या आणि बटाट्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या बायांची गोष्ट सांगणार आहोत. चारशे वर्षांची गोष्ट आहे, पण घाबरू नका, पंधरा-वीस मिनिटांत सांगून होईल.

आधी वस्ती कशी आहे ते डोळ्यांसमोर आणू या. ॲमस्टरडॅमची जमीन सखल आणि पाणथळ. घर बांधायचं तर आधी कालवा खणायचा, त्यातली माती टाकून बाजूची जागा उंच करायची, लाकडी खांब जमिनीत ठोकायचे आणि मग भिंत उभी करायची. तिथे कालव्याला ग्राख्त म्हणतात. १६१३ च्या सुमारास शहर फार दाटीचं झालं म्हणून ते वाढवायला घेतलं. श्रीमंत व्यापाऱ्यांसाठी तीन रुंद कालवे खणले. त्यासाठी नगरपालिकेने जमीन ताब्यात घेतली, जुने बांध मोडले आणि सरळ रेघा मारून मोठमोठे प्लॉट पाडले. या तिघांतला शेवटचा कालवा म्हणजे प्रिन्सेनग्राख्त. त्याच्या पलीकडच्या काठावर योर्दान सुरू होतं.

पलीकडे हा खर्च कुणी केला नाही. तिथे आधी भाजीचे मळे होते. मळ्यांतले पाण्याचे चर होते, त्यांचेच कालवे झाले. बांधावरच्या पायवाटांच्या गल्ल्या झाल्या. त्यामुळे आजही नकाशा पाहिला तर श्रीमंतांचे कालवे आखीवरेखीव दिसतात आणि योर्दानच्या गल्ल्या त्यांना तिरक्या येऊन भिडतात. पैसा कुठे खर्च केला आणि कुठे वाचवला, ते चारशे वर्षांनंतरही नकाशावर दिसतं.

या बाजूला कातडी कमावणारे आले, रंगारी आले, साबण आणि साखर बनवणारे आले. धर्मासाठी छळ झाल्यामुळे फ्रान्समधून पळून आलेली कुटुंबंही इथे राहिली. कोणी म्हणतं, बागेला फ्रेंच भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच योर्दान हे नाव पडलं. रस्त्यांची नावंही बागेतलीच आहेत. गुलाबाचा कालवा, फुलांचा कालवा, लिंडन नावाच्या झाडाचा कालवा. पण नाव गुलाबाचं असलं तरी वास काय येत असेल ते सांगायला नको. कातडी, रंग आणि घराघरातली घाण, सगळं त्याच पाण्यात जायचं.

त्या काळी घरांना नंबर नव्हते, आणि पुष्कळांना वाचता येत नसे. म्हणून भिंतीत कोरलेला एक दगड बसवत. त्यावरचं चित्र म्हणजेच घराचा पत्ता. फुलांच्या कालव्यावर १६४२ साली बांधलेली तीन घरं शेजारी शेजारी उभी आहेत. एकावर शहरी माणूस कोरला आहे, दुसऱ्यावर शेतकरी आणि तिसऱ्यावर खलाशी. बाई मात्र तिन्हींपैकी एकाही दगडावर नाही. म्हणून आम्ही ती वस्तीत शोधायला निघालो.

पहिल्यांदा ती सापडली विधवांच्या वाड्यात. योर्दानमध्ये अशी आवारं बरीच आहेत. बाहेरून एक साधं दार दिसतं, आत गेलं की चौक, आणि चौकाभोवती लहान लहान घरं. कोणी पैसेवाल्या माणसाने पुण्य म्हणून बांधलेली, तर कोणी चर्चने. त्यांतलं एक मोठं आवार कार्टहाउझरहोफ. शहरात गरिबांना घरपोच मदत देणारी संस्था होती, तिने ते १६५० साली गरीब विधवांसाठी बांधलं. चौकात पाण्याचे दोन पंप बसवले. नवरा समुद्रावर गेला आणि परत आलाच नाही, अशा बाया त्या शहरात काही थोड्या नव्हत्या. पदरी लेकरं असलेल्या बाईला डोक्यावर छप्पर आणि दारात पाणी मिळालं, ही मोठीच गोष्ट. पण अशा आवारांना नियमही असत. रात्री दार बंद व्हायचं, आणि चालचलणुकीवर नजर असायची. आसरा मिळायचा, पण घर तिच्या नावावर नसायचं.

आता पाण्याचं बोलू. चारही बाजूंनी पाणी असलेल्या त्या शहरात प्यायला पाणी नव्हतं. समुद्र जवळ असल्यामुळे कालव्यांचं पाणी मचूळ, आणि त्यात सगळी घाण. लोक पावसाचं पाणी टाकीत साठवायचे. नाहीतर लांबच्या नदीचं पाणी नावेतून यायचं आणि बादलीच्या हिशेबाने विकत घ्यावं लागायचं. ज्याच्याकडे टाकी नाही आणि पैसाही नाही, त्याच्या घरी कालव्याचंच पाणी. एकोणिसाव्या शतकात तिथे कॉलऱ्याच्या साथी आल्या, १८३२ साली, मग १८४८-४९ मध्ये, मग १८६६ मध्ये. अशा दाटीच्या गल्ल्यांत साथ आली की ती आधी गरिबाच्या दारात शिरते, हे आपल्याला कुणी समजावून द्यायला नको.

१८५३ सालच्या डिसेंबरात समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधलं गोडं पाणी वीस किलोमीटरांहून जास्त लांबून नळाने शहराच्या वेशीपर्यंत आलं. ती वेस योर्दानच्या उत्तर टोकाला लागूनच. तिथे एक नळ बसवला. एक बादली पाणी एक सेंटला, म्हणजे त्यांच्या सगळ्यात लहान नाण्यांपैकी एका नाण्याला. स्वच्छ पाणी आलं खरं, पण ते आणायला जायचं आणि रांगेत उभं राहायचं ते कुणी, हे आम्ही सांगत नाही. तुम्हीच सांगा.

त्यानंतर नगरपालिकेने घाणीवर एक उपाय काढला, कालवेच बुजवायचे. योर्दानमध्ये अकरा कालवे होते. १८५७ ते १८९५ या काळात त्यांतले सहा बुजवून रस्ते केले. आज पाहुण्यांना बुजवलेल्या कालव्यांची हळहळ वाटते. पण त्या पाण्याच्या काठावर स्वयंपाक करणाऱ्या बाईला हळहळ वाटली असेल का, असा आम्हाला प्रश्न पडतो.

१९०० च्या आसपास या छोट्या वस्तीत सुमारे ऐंशी हजार माणसं राहत होती. एका खोलीत आख्खं कुटुंब. घरांच्या मागच्या परसात आणखी घरं बांधलेली, तिथे ऊन पोचतच नसे. सगळ्यात वाईट म्हणजे तळघरं. कालव्याला लागून असलेली, भिंतींना ओल, जमिनीवर ओल. भाडं दर आठवड्याला द्यायचं, आणि चुकलं की सामान रस्त्यावर.

या काळात दोन-तीन शिकलेल्या बाया योर्दानमध्ये आल्या. हेलेन मर्सियर त्यांतली एक. तिने गरिबांच्या घरांबद्दल लिहायला सुरुवात केली. एका धनिकाची मदत मिळवून १८९२ साली योर्दानमधल्या रोझनस्ट्राट या रस्त्यावर तिने एक लोकांचं घर उभं केलं. त्याचं नाव ठेवलं ‘आपलं घर’. तिथे वाचनालय होतं, वर्ग चालायचे, व्याख्यानं व्हायची. १८९६ साली घरं बांधणारी एक कंपनी निघाली. तिच्या घरांची देखरेख लुईझ वेंट या बाईकडे होती. अशी देखरेख करणारी बाई दर आठवड्याला दारोदार जाऊन भाडं घ्यायची, आणि छप्पर गळतंय का, मोरी तुंबलीय का, हेही ऐकून घ्यायची. १९०१ साली देशात घरांचा कायदा झाला. राहण्याच्या लायकीचं नसलेलं घर बंद करायचा अधिकार नगरपालिकेला मिळाला, आणि लोकांच्या गृहसंस्थांना सरकारी कर्ज मिळू लागलं.

आम्ही याचा दुसरा भागही सांगतो. दर आठवड्याला कुणीतरी चांगल्या घरातली बाई येणार, भाडं मोजणार आणि आपलं स्वयंपाकघर पाहून जाणार, हे सगळ्यांना गोड वाटलं असेल असं आम्हाला वाटत नाही. मदत करणारी आणि मदत घेणारी यांच्यात एक पायरी राहतेच. पण गळणारं छप्पर आधी दुरुस्त झालं, तेही खरं.

त्याआधी आणखी एक बाई आली होती, डॉक्टर अलेटा जेकब्स. १८५४ चा जन्म. विद्यापीठात शिकून डॉक्टर झालेली नेदरलँड्समधली ही पहिली बाई. ती योर्दानमधल्या टिखेलस्ट्राट या गल्लीत, कामगारांच्या संघटनेच्या जागेत, आठवड्यातून दोनदा गरीब बायकांना फुकट तपासायची. बायका यायच्या त्या एकापाठोपाठ एक बाळंतपणांनी थकलेल्या. काहींना पुढचं बाळंतपण जिवावर बेतणारं होतं. जेकब्सबाईंनी त्यांना पाळणा लांबवायचं साधन द्यायला सुरुवात केली. १८८२ च्या सुमाराची ही गोष्ट. इतर डॉक्टर तिच्यावर तुटून पडले. ती मागे हटली नाही.

दुकानांत काम करणाऱ्या मुलीही तिच्याकडे यायच्या. दिवसभर उभं राहून त्यांच्या अंगात दुखणी भरलेली. बसायला परवानगीच नाही. औषधाने हे बरं होणार नाही, त्यांना बसायला खुर्ची द्या, असं म्हणत ती वर्षानुवर्षं लढली, आणि शेवटी तसा कायदा झाला.

१८८३ साली तिने महापौरांना पत्र लिहिलं. मी कर भरते, कायद्यातल्या सगळ्या अटी पूर्ण करते, मग मतदारांच्या यादीत माझं नाव घाला. कायद्यात बाईला मत नाही असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. नाव घातलं नाहीच. ती वरच्या कोर्टापर्यंत गेली, तिथेही हरली. आणि १८८७ साली राज्यघटना बदलली तेव्हा त्यात मुद्दाम ‘पुरुष’ असा शब्द घातला. एका बाईने बरोबर प्रश्न विचारला, म्हणून दार आणखी घट्ट लावलं.

आता येते बटाट्यांची गोष्ट.

१९१७ साल. पहिलं महायुद्ध चालू होतं. नेदरलँड्स लढाईत नव्हतं, पण धान्याची आणि कोळशाची जहाजं येईनाशी झाली होती. त्याच वर्षी पाव कार्डावर मिळू लागला. बटाटा हे तिथल्या गरिबाचं मुख्य अन्न. आपल्याकडे भाकरी, तसा तिथे बटाटा. जूनमध्ये दुकानांतून बटाटा दिसेनासा झाला. आणि तिकडे देशाचे बटाटे जर्मनीला आणि इंग्लंडला जात होते, कारण त्या दोघांशी सरकारचे करार झालेले. म्हणजे पिकत होतं, पण ताटात येत नव्हतं.

बायांना कारभाऱ्यांकडून उत्तर मिळालं, बटाटे नाहीत, तर भात खा. आता आपल्याला हसू येईल, भाताला काय झालं म्हणून. पण तिथल्या बायांच्या बाजूने बघा. भात त्यांच्या रोजच्या जेवणातला नाही. गिरणीत किंवा बंदरात राबून आलेल्या माणसाचं त्याने पोट भरल्यासारखं होत नाही. आणि मुख्य म्हणजे, आपल्यासमोरून बटाट्यांनी भरलेली नाव जात असताना हे ऐकायचं. सांगणाऱ्यांत कामगारांच्याच पक्षाचे कारभारीही होते, हे त्यांना जास्त लागलं.

जूनच्या अखेरीला प्रिन्सेनग्राख्तमध्ये बटाट्यांची एक नाव उभी आहे, अशी बातमी योर्दानमध्ये पसरली. बाया निघाल्या. ओच्यात, पिशव्यांत, मिळेल त्यात भरून बटाटे घरी नेले. पुढच्या काही दिवसांत शहरात जागोजागी हेच झालं. नावा, गाड्या, गोदामं. मग पुरुष आणि पोरंही त्यात उतरली, दुकानंही लुटली गेली. पोलीस आले, मग लष्कर आलं, आणि गोळीबार झाला. निदान नऊ माणसं मेली, शंभराहून जास्त जखमी झाली.

मैत्रिणींनो, दुकानं लुटणं बरोबर की चूक, यावर आपल्यात दोन मतं पडतील. आमच्यातही पडली. पण एका गोष्टीवर आमचं एकमत झालं. या बायांना दुसरा रस्ता ठेवलेलाच नव्हता. त्या कोणाला मत देऊ शकत नव्हत्या. करार करताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्याच १९१७ साली देशातल्या सगळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. बायांना मिळाला फक्त निवडणुकीला उभं राहायचा. म्हणजे बाई उभी राहू शकत होती, पण स्वतःला मत देऊ शकत नव्हती! मताचा हक्क १९१९ साली आला, आणि देशाच्या निवडणुकीत बायांनी पहिल्यांदा मत दिलं ते १९२२ साली. जेकब्सबाई तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. पत्र लिहिल्याला एकोणचाळीस वर्षं झाली होती.

मत मिळालं म्हणून पोट भरलं असं झालं नाही. १९३४ च्या जुलैत मंदीच्या काळात सरकारने बेकारांची मदत कापली. योर्दान पुन्हा पेटलं. लोकांनी रस्त्याचे दगड उपटून अडथळे रचले. शहरात पाच माणसं गेली. नंतर दगडांच्या जागी डांबर घातलं गेलं, म्हणजे पुन्हा उपटता येणार नाहीत! आज तिथल्या नोर्डरमार्क्ट या चौकात त्या दिवसांची आठवण म्हणून एक पुतळा आहे, एकमेकांना बांधलेल्या माणसांचा. एकजूट ही सगळ्यात मजबूत साखळी, असं त्याचं नाव.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहराच्या बाहेर नव्या वसाहती झाल्या. तिथे उजेड होता, न्हाणीघर होतं, मुलांना वेगळी खोली होती. योर्दानमधल्या पुष्कळ कुटुंबांनी बिऱ्हाड हलवलं. आम्ही त्यांना दोष देत नाही. ओलीच्या घरात चार लेकरं वाढवणारी बाई जुन्या भिंतींची आठवण काढत बसत नाही. मागे राहिलेली घरं खचू लागली. हे सगळं पाडून नवं बांधावं, असे बेत नगरपालिकेत होऊ लागले. तेव्हा राहिलेले रहिवासी, नव्याने आलेले विद्यार्थी, कलाकार आणि जुन्या इमारती जपणारे लोक एकत्र आले आणि आडवे उभे राहिले. १९७० नंतरच्या वर्षांत पाडण्याचा बेत मागे पडला. त्याच अरुंद गल्ल्या ठेवून एकेक घर दुरुस्त करायचं ठरलं.

वस्ती वाचली. आणि वाचल्यावर ती सगळ्यांना आवडायला लागली. आज योर्दान ॲमस्टरडॅममधल्या महागड्या भागांपैकी एक आहे. जिथे एका खोलीत सात-आठ माणसं राहायची, तिथे आता एकटा माणूस राहतो. वस्ती सुमारे वीस हजारांवर आली आहे. गृहसंस्थांची कमी भाड्याची घरं अजून आहेत, विधवांच्या वाड्यांतही लोक राहतात. पण बाजारभावाने घर घ्यायचं म्हटलं, तर बटाट्यांच्या नावेवर चढलेल्या बाईच्या नातीला ते परवडणं कठीण.

आम्हाला या गोष्टीत हेच सगळ्यात जास्त टोचतं. घाण असताना ती वस्ती गरिबांची होती. पाणी आलं, मोऱ्या झाल्या, छप्परं नीट झाली, ती सुंदर दिसू लागली, आणि मग ती दुसऱ्यांची झाली. आपण गाव सुधारायला कष्ट करतो. रस्ता येतो, नळ येतो, जमिनीला भाव येतो. तेव्हा सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे, घर कुणाच्या नावावर आहे, हे पाहून ठेवायला हवं. तळघर सोडून गेलेल्या बाईच्या हातात भाड्याची पावती होती, कागद नव्हता.

जाता जाता एक चांगली गोष्ट सांगतो. नोर्डरमार्क्टच्या चौकात दर शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. बाहेरगावचे शेतकरी भाजी, पाव, चीज घेऊन येतात आणि थेट विकतात. बटाटेही असतात, मातीसकट. त्यांच्या भाषेत बटाट्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो मातीतलं सफरचंद. आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. एकाच कंदाची दोन नावं, पण चुलीवर ठेवला की काम एकच.

या आठवड्यात गटाची बैठक झाली की हिशेब संपल्यावर पाच मिनिटं काढा. तुमच्या गावात पाणी, रस्ता, रेशन, शाळा यांतलं काय काय बायांनी मागितलं म्हणून आलं, ते एकमेकींना विचारा. त्या बायांची नावं वहीत लिहून ठेवा. ज्या हयात आहेत त्यांना आमच्याकडे घेऊन या, आम्ही त्यांचा आवाज लावू.

पुन्हा भेटू, मैत्रिणींनो. नमस्कार.